कार्ड वाटून झाली, पेशंटचं काय?

लायनस पॉलिंग यांनी १९६८ साली कायद्याच्या एका नियतकालिकात लिहिलं होतं, की सिकलसेलचं जनुक बाळगणाऱ्या प्रत्येक तरुण माणसाच्या कपाळावर एक खूण गोंदवावी. सारखीच खूण असलेली दोन माणसं मग एकमेकांना पाहताच सावध होतील आणि प्रेमात पडायची नाहीत. हे पॉलिंग कुणी ऐरेगैरे नव्हते. त्यांच्या नावावर दोन नोबेल आहेत, एक रसायनशास्त्राचं आणि एक शांततेचं. सिकलसेल हा हिमोग्लोबिनच्या रेणूतल्या बिघाडाचा आजार आहे, हे १९४९ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच दाखवून दिलं होतं. त्या काळात हा आजार त्यांच्याइतका खोलात शिरून समजलेली माणसं बोटांवर मोजण्याएवढी असतील. अशा माणसालाही उपाय सुचला तो लग्न टाळण्याचा.

आपल्याकडे कपाळ वाचलं, हातात कार्ड आलं. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांचं रक्त तपासायचं, त्यांना निकालाचं कार्ड द्यायचं आणि २०४७ पर्यंत आजाराचं निर्मूलन करायचं, असा तिचा आराखडा आहे. सरकारी कामाच्या मानाने तपासणीचा वेग थक्क करणारा आहे, हे मान्यच करायला हवं. २०२५ च्या मध्यापर्यंत ६ कोटींहून अधिक लोक तपासून झाले. सुमारे २ लाख रुग्ण आणि १६ लाखांहून जास्त वाहक, म्हणजे जनुक असलेले पण आजारी नसलेले, सापडले. आणि मंचावरून, आशाताईंच्या बैठकांतून, शाळा-कॉलेजातल्या कार्यक्रमांतून सांगणं एकच : कुंडली नंतर पाहा, आधी कार्ड जुळवा. म्हणजे दोन वाहकांचं लग्न टाळा.

माझं म्हणणं एवढंच आहे की आजाराबद्दल बोलता बोलता ही मोहीम लग्नावर घसरली आहे. जन्माला आलेल्या पेशंटला चांगलं जगवणं हे काम किचकट, रोजचं आणि आयुष्यभर चालणारं. न जन्मलेल्या पेशंटला रोखणं हे काम मात्र शिबिर घेऊन, फोटो काढून, आकडा भरून दाखवता येतं. यंत्रणेने दुसरं काम उचललं आणि पहिलं त्याच्या शेपटाला बांधलं. हा क्रम उलटा करायला हवा.

आधी आजार. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असतं. सिकलसेलमध्ये तिथे व्हॅलिन हे दुसरं अमिनो आम्ल येतं. १९५७ साली व्हर्नन इन्ग्रम यांनी हा बदल नेमका दाखवला. शेकडो दुव्यांच्या रेणूत फरक फक्त एका दुव्याचा. पण ऑक्सिजन सोडून दिला की असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोरे बनवतं, लाल पेशी ताठ होते, विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि असह्य वेदना होतात. पेशंट ज्याला ‘क्रायसिस’ म्हणतात ते हेच. हातपाय, पाठ, छाती, कुठेही. साधी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत फुटते, म्हणून रक्त कायम कमी आणि डोळे पिवळे. पाणथरी लहानपणीच निकामी होत जाते, त्यामुळे साधा वाटणारा जंतुसंसर्ग एका दिवसात जिवावर बेततो. काहींना शाळेच्या वयात अर्धांगवायूचा झटका येतो, काहींचा खुबा ऐन पंचविशीत झिजतो.

हे सगळं एसएस पॅटर्नवाल्याचं, म्हणजे आई-बाप दोघांकडून हे जनुक आलेल्याचं. एएस पॅटर्नवाला, म्हणजे एकाकडूनच ते आलेला वाहक, निरोगी असतो. शेतात राबतो, पोरं होतात, म्हातारा होतो. त्याचं ‘एएस’ पुढे ‘एसएस’ होत नाही. विदर्भातल्या गावांत हे ‘पॅटर्न’ आता बोलीत रुळलेत, पण दोहोंतला फरक रुळलेला नाही. मोहिमेला एका रुग्णामागे आठ वाहक सापडले आहेत. म्हणजे आजाराचं नाव ज्यांच्या नावापुढे कायमचं लिहिलं गेलं, त्यातल्या बहुतेकांना आजारच नाही.

आता कार्डाचं गणित. समजा, एखाद्या गावात दर शंभरात २० वाहक आहेत. लग्नं जशी होतात तशी झाली, तर शंभरातल्या चार जोडप्यांत दोघंही वाहक निघतील. त्यांच्या प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस असण्याची शक्यता चारात एक. म्हणजे गावात जन्मणाऱ्या शंभर मुलांमागे एक. ही चार लग्नं टळली तर त्या पिढीत आजारी मूल जन्मणार नाही, हे खरं. पण वाहक तेवढेच राहतात. वाहक आणि जनुक नसलेला जोडीदार यांच्या लग्नातून निम्मी मुलं पुन्हा वाहक होतात. पुढच्या पिढीला पुन्हा तेवढीच कार्डं, तेवढ्याच बैठका, तेवढीच मोडलेली बोलणी. देवीचा रोग गेला तसा हा जाणार नाही, कारण इथे मारायला जंतू नाही. ‘निर्मूलन’ २०४७ मध्ये जाहीर झालं तरी २०४८ च्या लग्नसराईत कार्डं लागणारच.

शिवाय कार्ड जुळलं म्हणजे सगळं जुळलं, असंही नाही. एकाला सिकलसेलचं जनुक आणि दुसऱ्याला बीटा थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्याच दुसऱ्या आनुवंशिक आजाराचं, अशा जोडप्यालाही सिकलसेलसारखंच आजारी मूल होऊ शकतं. गावपातळीवर होणाऱ्या सोल्युबिलिटी टेस्टला थॅलेसेमियाचा वाहक दिसत नाही. त्याच्या कार्डावर ‘नॉर्मल’ येतं. त्याचा उलगडा करायला एचपीएलसी ही मोठ्या प्रयोगशाळेतली यंत्रावरची चाचणी लागते.

लोक कार्डाप्रमाणे लग्नं करतात का, हाही प्रश्न आहेच. त्याचं उत्तर पन्नास वर्षांपूर्वी मिळून गेलं आहे. ग्रीसमध्ये ऑर्कोमेनोस नावाचं गाव आहे. तिथे जवळपास एक चतुर्थांश लोक सिकलसेलचे वाहक. १९६० च्या दशकात संशोधकांनी सगळ्यांचं रक्त तपासलं, घरोघर समजावलं, कोणी कोणाशी लग्न करू नये ते सांगितलं. काही वर्षांनी परत जाऊन पाहिलं, तर वाहक-वाहक लग्नं योगायोगाने जेवढी झाली असती तेवढीच झाली होती. बदललं होतं ते दुसरंच. वाहक असणं हा कलंक ठरला होता आणि घरचे तो लपवत होते. लग्नाआधीच्या तपासणीच्या बाजूने सायप्रसमधल्या थॅलेसेमियाचं उदाहरण नेहमी दिलं जातं. तिथे चर्चनेच लग्नाआधी तपासणीचा दाखला मागायला सुरुवात केली आणि आजारी मुलांचे जन्म जवळजवळ थांबले. पण तिथेही दोघं वाहक निघालेल्या जोडप्यांपैकी बहुतेकांनी लग्न मोडलं नाही. त्यांना गर्भाची तपासणी हाताशी मिळाली, म्हणून फरक पडला. निवड जोडप्याची होती आणि ती निभावायला दवाखाना जवळ होता. नंदुरबारमधल्या धडगावच्या किंवा गडचिरोलीतल्या भामरागडच्या जोडप्याला हाच सल्ला द्यायचा, तर गरोदरपणाच्या दहाव्या-बाराव्या आठवड्यात मुंबई-नागपूरची वाट धरावी लागते. प्रवास, मुक्काम, बुडालेली मजुरी आणि अहवालाची वाट पाहणं हे सगळं गर्भपाताच्या कायद्यातल्या २४ आठवड्यांच्या मर्यादेत बसवायचं. ही सोय जिल्ह्याच्या ठिकाणी आणणं अवघड आहे, खर्चिक आहे. कार्ड स्वस्त पडतं.

आणि कुंडलीचा दाखला द्यायचा तरी कुणाला? गोंड-माडिया समाजात सोयरिक ठरते ती देवांवर. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे असे गट आहेत; एका गटातले आपसांत भाऊबंद, लग्न दुसऱ्या गटात. नागपूरकडच्या बौद्ध वस्त्यांत तर पत्रिका १९५६ नंतर घराबाहेरच गेली. ज्यांनी कुंडली कधी मानली नाही किंवा विचारपूर्वक सोडली, त्यांनाच सरकार कुंडलीच्या भाषेत रक्त समजावतं आहे. घोषणा लिहिणाऱ्याच्या डोक्यात ‘लग्न’ म्हटल्यावर कुणाचं लग्न येतं, ते यातून कळतं.

लग्नाच्या बाजारात कार्डाचा भार दोघांवर सारखा पडत नाही, हे सांगायला नको. मुलगा एएस निघाला तर ‘पोरगी नॉर्मल बघू’. मुलगी एएस निघाली तर ‘रक्तात खोट आहे’. दोन्ही वाक्यांमागचं विज्ञान एकच आहे, आणि नॉर्मल मुलाशी लग्न झालं तर तिला आजारी मूल होण्याचा धोका मुलाच्या बाबतीत जेवढा, तेवढाच, म्हणजे नाहीच. पण हे सांगायला समुपदेशक लागतो आणि कार्ड बोलत नाही.

वाहकांच्या रक्ताबद्दल आणखी एक गोष्ट गावात सांगितलीच जात नाही, ती सांगायला हवी. १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत दाखवलं की हे जनुक एकेरी असेल तर ते फाल्सिपेरम मलेरियाच्या गंभीर आजारापासून वाचवतं. जंगलपट्ट्यात ते टिकलं ते त्यामुळे. गडचिरोलीतला वाहक हा हजारो वर्षं मलेरियातून तगलेल्या माणसांचा वारस आहे. ‘खोट’ म्हणणाऱ्याला हे ऐकवायला हरकत नाही.

मग पेशंटसाठी काय करता येतं? भरपूर, आणि त्यातलं बरंचसं जुनं नि स्वस्त आहे. जमैकात किंग्स्टनच्या प्रसूतिगृहात १९७३ पासून ग्रॅहम सर्जंट यांनी एक लाख नवजात बाळांची तपासणी केली आणि सिकलसेल निघालेल्यांना आयुष्यभर धरून ठेवलं. लहान मुलांची पाणथरी अचानक रक्ताने फुगते आणि काही तासांत मूल जातं, हे त्यांनी पाहिलं. मग त्यांनी आयांना पोरांच्या पोटावर हात ठेवून पाणथरी चाचपायला शिकवलं. फुगलेली लागली की तडक दवाखाना. मृत्यू झपाट्याने घटले. ना मशीन, ना औषध. आपली आशाताई हे एका दुपारी शिकून दहा आयांना शिकवू शकते. १९८६ साली अमेरिकेतल्या एका चाचणीत तीन वर्षांखालच्या मुलांना रोज दोनदा तोंडावाटे पेनिसिलिन दिलं, तर न्यूमोकोकस या जंतूचा संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाला; चाचणी वेळेआधीच थांबवावी लागली, कारण बाकीच्या मुलांना औषधाविना ठेवणं अन्यायाचं ठरलं असतं. या दोन्ही गोष्टींची अट एकच : मूल आजारी आहे हे जन्मतःच कळलं पाहिजे. म्हणजे तपासणी हवीच, पण ती बाळाच्या टाचेतून थेंब घेऊन. विशीतल्या मुलीच्या बोटातून थेंब घेतला की कळतं ते तिच्या सोयरिकीच्या कामाचं. बाळाच्या टाचेतून घेतला तर त्याच बाळाचा जीव वाचवता येतो.

आणि हायड्रॉक्सीयुरिया. मूळचं कॅन्सरचं औषध. १९९५ साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत क्रायसिसचं प्रमाण त्याने जवळजवळ निम्म्यावर आणलं. ते गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढवतं, आणि ते वाढलं की पेशी वाकायला सहज तयार होत नाही. आपल्याकडे बरीच वर्षं एक समज होता की भारतीय पेशंटमध्ये हे हिमोग्लोबिन मुळातच जास्त असतं, म्हणून आपला सिकलसेल सौम्य. ओडिशातल्या काही निरीक्षणांवरून तो सगळ्या देशाला लावला गेला. विदर्भातल्या बालरोगतज्ज्ञांनी तो खोडून काढला. नागपूरकडची मुलं पुष्कळ आजारी असतात. नागपूरच्याच शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी गंभीर आजारी मुलांना कमी आणि ठरावीक मात्रेत हेच औषध देऊन पाहिलं. २०१२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले : क्रायसिस आणि रक्त चढवण्याची गरज, दोन्ही मोठ्या प्रमाणात कमी. मात्रा कमी म्हणजे दुष्परिणामांची भीती कमी, देखरेख सोपी. २०१९ साली अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडातल्या ६०० हून अधिक मुलांवरच्या अभ्यासातही औषध सुरक्षित ठरलं. मृत्यू घटले, मलेरियासुद्धा घटला. ज्या देशांत रस्ते नि दवाखाने आपल्यापेक्षा वाईट, तिथे हे जमलं.

इथे ते अडतं कुठे? औषधाच्या यादीत नाव आहे. पुरवठा सलग नाही. रोज, वर्षानुवर्षं घ्यायच्या औषधाचा पुरवठा दोन महिने तुटला की त्याचा परिणाम ओसरतो, आणि पेशंटचा विश्वासही. औषध सुरू केल्यावर पेशींची मोजणी अधूनमधून करावी लागते, म्हणजे सीबीसी. ते मशीन बंद, टेक्निशियनची जागा रिकामी किंवा रसायन संपलेलं. प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर, बरेचदा बंधपत्रावर आलेला नवा पोरगा, ‘कॅन्सरचं औषध’ म्हणून हात लावायला घाबरतो आणि चिठ्ठी लिहितो : नागपूरला मेडिकलला जा. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला कार्डवाटपाचं उद्दिष्ट दिलेलं असतं, या औषधाचं प्रशिक्षण दिलेलं नसतं.

क्रायसिसमध्ये पेशंट कॅज्युअल्टीत येतो तेव्हाचा प्रसंग तर वेगळ्या लेखाचा विषय. एक्स-रे साफ, ताप नाही, सूज नाही, आणि माणूस विव्हळतोय. ‘नाटक करतोय’, ‘इंजेक्शनची सवय लागलीय’. पॅरासिटामॉलवर बोळवण होते. या दुखण्याला मॉर्फीनच्या जातीची औषधं लागतात हे पाठ्यपुस्तकात आहे. ती ग्रामीण रुग्णालयाच्या कपाटात क्वचित असतात.

मोहिमेचा रोख आदिवासींवर आहे, आणि ते समजण्यासारखं आहे. भारतात हा आजार पहिल्यांदा नोंदला गेला तो १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत. पण १९५८ मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी तो महार समाजातही नोंदवला होता. त्यापुढच्या अभ्यासांत कुणबी, तेली अशा अनेक जातींत तो सापडला. जनुक जातीचा दाखला मागत नाही. उत्तर नागपूरच्या वस्तीतलं बौद्ध कुटुंब मोहिमेच्या ‘आदिवासीबहुल’ नकाशात कुठे बसतं? विदर्भात हे पेशंट थोडेथोडके नाहीत.

कायद्यातही असंच अर्धवट काम झालं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया आणले. पेशंटच्या संघटनांना तो मोठा विजय वाटला. मात्र त्याच कायद्याच्या ३४ व्या कलमात सरकारी नोकरीतलं चार टक्के आरक्षण ज्या गटांना दिलं, त्यात रक्ताचे आजार नाहीत. वारंवार क्रायसिस येणारा बावीस वर्षांचा पोरगा दिव्यांग आहे, पण नोकरीपुरता नाही.

यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे, तो टाळण्यात अर्थ नाही. पैसा मर्यादित आहे. एक पेशंट सांभाळायला आयुष्यभर खर्च, तर एक जन्म टाळायला एक कार्ड. आरोग्य खात्यातली चांगली, तळमळीची माणसंही हा हिशेब मांडतात. माझं उत्तर असं, की हा हिशेब फक्त भविष्यातल्या पेशंटला लागू पडतो. सापडलेले २ लाख आज हयात आहेत. त्यांना शोधून काढणं, नाव नोंदवणं आणि मग औषध न पोहोचवणं, हे न शोधण्यापेक्षा वाईट. दुसरं असं की ज्या गावात एसएस पेशंट तिशी-पस्तिशीपर्यंत धड जगतो, काम करतो, तिथे तपासणीची भीती आपोआप कमी होते. जिथे तपासणीनंतर फक्त लग्न मोडतं, तिथे पुढच्या शिबिराला लोक शेतावर निघून जातात.

जनुक-उपचारांची चर्चाही सध्या जोरात आहे. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत क्रिस्पर या जनुकात बदल करण्याच्या तंत्रावर आधारलेल्या पहिल्या उपचाराला परवानगी मिळाली; किंमत माणशी २२ लाख डॉलर. त्याचं कौतुक करावं आणि आपल्या कामाला लागावं. महागड्या नव्या गोळ्यांचंही तसंच : व्हॉक्सेलोटर २०१९ मध्ये गाजावाजात आली आणि २०२४ मध्ये कंपनीने जगभरातून परत घेतली. जुनं हायड्रॉक्सीयुरिया अजून आहे.

मोहिमेचा यशाचा आकडा बदलावा, एवढी माझी मागणी आहे. किती रक्त तपासलं नि किती कार्डं वाटली, हे पुरे झालं. नोंदवलेल्या पेशंटपैकी गेल्या महिन्यात हायड्रॉक्सीयुरिया किती जणांच्या हातात पडलं, आणि पाच वर्षांखालची किती सिकलसेलची मुलं या वर्षी दगावली, हे तालुक्यानुसार जाहीर करावं. गडचिरोली आणि नंदुरबारमध्ये प्रत्येक सरकारी प्रसूतीनंतर बाळाची तपासणी सुरू करावी, आणि जन्मदाखल्याबरोबर त्या मुलाचं नाव पेनिसिलिनच्या यादीत जावं. ज्या तालुक्याला हे आकडे देता येणार नाहीत, तिथली पुढची कार्डछपाई थांबवून आधी सीबीसीचं मशीन आणि ते चालवणारा माणूस पाठवावा.